एका नावाचे पाच डास : हिवताप पसरवणाऱ्या डासांची आपसातली नाती

पूर्णाकाठ (धागालेखक)

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी विचारले होते की, आरोग्य खात्याचे कर्मचारी भल्या पहाटे गोठ्यात शिरून बॅटरीच्या उजेडात डास का पकडतात, आणि डास हा शेवटी डासच असताना त्याची एवढी तपासणी कशासाठी. तेथे मी दोन ओळींत उत्तर दिले, पण ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटत राहिले. माझ्या नोकरीची बरीच वर्षे कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर गेली आहेत, म्हणून त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर येथे स्वतंत्रपणे मांडतो.

आपल्याकडे ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीज. देशातील हिवतापाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे मूळ या एका डासाकडे जाते, असे मानले जाते. १९०१ साली जाइल्स या इंग्रज डॉक्टराने त्याला हे नाव दिले आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे सर्वांनी त्याला एकच प्रजाती धरून त्याच्यावर औषध फवारले. मात्र एक कोडे सुटत नसे. उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात आणि उत्तर बिहारमध्ये हा डास भरपूर, पण हिवताप फारसा नाही. इतर काही भागांत डास त्याहून कमी आणि तापाचे रुग्ण घरोघर. १९८० साली ग्रीन आणि माइल्स या दोन शास्त्रज्ञांनी गुणसूत्रे तपासून दाखवले की, या एका नावाखाली निदान दोन प्रजाती नांदत आहेत. त्यांना ए आणि बी अशी साधी अक्षरे मिळाली. पुढे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून सी आणि डी यांची भर पडली आणि १९९९ साली ई ही पाचवी प्रजाती जाहीर झाली. पंख, पाय, सोंड, ठिपके यांपैकी कशावरूनही हे पाच डास वेगळे ओळखता येत नाहीत. मी हजारो डास भिंगाखाली धरले आहेत. डोळ्यांना त्यांच्यात कधीही फरक दिसला नाही.

फरक दिसतो तो आत. त्यासाठी अर्धवट अंडी धरलेली मादी लागते. रक्त पिऊन एक दिवस उलटलेल्या मादीच्या पोटाचा पुढचा भाग तांबडा-काळसर आणि मागचा भाग पांढरट दिसतो, आणि तीच अवस्था नेमकी हवी असते. बारीक सुयांनी तिचे अंडाशय काढून अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवायचे, मग ऑर्सिनच्या रंगात बुडवायचे, प्रोपिऑनिक आम्लाच्या थेंबात काचपट्टीवर घेऊन वर काचेची चकती ठेवायची आणि अंगठ्याने सरळ खाली दाबायचे. अंगठा जरा जरी घसरला तरी सगळे वाया जाते. जमले, तर अंड्यांना पोसणाऱ्या पेशींतली महाकाय गुणसूत्रे पट्ट्यापट्ट्यांच्या पाच फितींसारखी पसरतात. या फितींवरचे गडद आणि फिके पट्टे ज्या क्रमाने येतात तो क्रम आम्हाला तोंडपाठ असे. ए प्रजातीत एक्स गुणसूत्रावरचा क्रम एका प्रकारचा असतो. बी प्रजातीत त्याच गुणसूत्रावरचे दोन तुकडे उलटे बसलेले असतात, जणू फीत कापून, फिरवून पुन्हा चिकटवली आहे. दुसऱ्या गुणसूत्रावरच्या अशाच उलट्या तुकड्यांवरून सी आणि डी ओळखू येतात.

आता ज्यासाठी हा धागा काढला तो मुद्दा सांगतो. एक्स गुणसूत्र पाहिले तर ए आणि डी एका बाजूला पडतात, आणि बी, सी आणि ई दुसऱ्या बाजूला. पुढे डीएनएच्या विशिष्ट तुकड्यांची तुलना झाली तेव्हाही हीच दोन घराणी पुन्हा दिसली. म्हणजे नाते पक्के आहे. पण रोग पसरवण्याची ताकद या नात्याप्रमाणे वाटली गेलेली नाही. बी ही अगदी दुबळी वाहक. ती जवळपास सर्वस्वी जनावरांच्या रक्तावर जगते आणि हिवतापाचे जंतू तिच्यात क्वचितच वाढतात. ई ही तिची सर्वांत जवळची बहीण, आणि तीच या पाचांमधली सर्वांत समर्थ वाहक आहे.

ई सापडली ती रामेश्वर बेटावर. तेथे हिवतापाचे रुग्ण सतत असत, पण महाकाय गुणसूत्रे तपासली की उत्तर दर वेळी 'बी' असेच येई. निरुपद्रवी समजली जाणारी प्रजाती आणि भरपूर हिवताप, हे गणित जुळत नव्हते. संशोधकांनी मग माद्यांची अंडी वाढवून त्यांतल्या नर अळ्यांच्या मेंदूतील पेशी पाहिल्या, आणि तेथे नराचे वाय गुणसूत्र वेगळ्या घडणीचे निघाले. बाकी सर्व क्रम बी सारखाच होता. केवळ मादीची गुणसूत्रे पाहून निर्णय देत राहिलो असतो, तर त्या बेटावरचा खरा वाहक आजही आमच्या नोंदवहीत निरुपद्रवी म्हणून लिहिलेला असता.

जाणकारांनी चूक दिसल्यास अवश्य दुरुस्त करावी. इतर रक्तपिपासू कीटकांविषयी कोणाला माहिती असल्यास तीही येथे यावी.

सुमेधा_वाई

पूर्णाकाठ यांस नमस्कार. मी उच्च माध्यमिक वर्गाला जीवशास्त्र शिकवते. लेख वर्गात वाचून दाखवण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. एक शंका विद्यार्थी हमखास विचारतील, ती आधीच विचारून ठेवते. पुस्तकात आम्ही शिकवतो की, ज्यांचा आपसात संकर होऊन प्रजननक्षम संतती होते ते जीव एका प्रजातीचे. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा असणे हे माणसांतही आढळते आणि म्हणून आपण त्या माणसाला वेगळी प्रजाती म्हणत नाही. मग उलट्या तुकड्यावरून ए आणि बी यांना वेगळे कशाच्या आधारावर म्हटले?

पूर्णाकाठ

सुमेधाताई, परवानगी कसली मागता, जरूर वाचून दाखवा. आपली शंका या विषयाच्या मुळाशी जाते. नुसता उलटा तुकडा दिसला म्हणून कोणी वेगळी प्रजाती म्हटले नाही. खरा पुरावा होता तो न सापडलेल्या डासांचा.

असे पाहा. एकाच गोठ्यात एकाच पहाटे शंभर माद्या पकडल्या आणि त्यांतल्या काहींत तुकडा सरळ, काहींत उलटा निघाला. हे सगळे जर आपसात मुक्तपणे जुगत असतील, तर आईकडून सरळ आणि वडिलांकडून उलटा तुकडा घेतलेल्या मिश्र माद्याही ठरावीक प्रमाणात मिळायलाच हव्यात. अशा मादीचे गुणसूत्र काचपट्टीवर चटकन ओळखू येते, कारण सरळ आणि उलटी फीत पट्ट्यांशी पट्टे जुळवण्याच्या प्रयत्नात एकमेकींभोवती वळते आणि तेथे ठळक वेटोळे तयार होते. ए आणि बी एकत्र राहणाऱ्या गावांतून मोठ्या संख्येने माद्या तपासूनही असे वेटोळे जवळजवळ सापडत नाही. एका छपराखाली बसतात, एकाच म्हशीचे रक्त पितात, आणि तरीही एकमेकांत लग्नसंबंध करत नाहीत. म्हणून त्या वेगळ्या प्रजाती.

आफ्रिकेतला हिवतापाचा मुख्य वाहक असलेल्या ॲनॉफिलीस गॅम्बिए डासांच्या बाबतीत तर प्रयोगशाळेत मुद्दाम संकर करून पाहिले गेले. १९६० च्या आसपास डेव्हिडसन यांनी निरनिराळ्या गावांतून आणलेले डास एकत्र ठेवले, तेव्हा काही जोड्यांची मुले नर असल्यास वांझ आणि मादी असल्यास सुफल निघू लागली. संकरात आधी वांझ होते ते दोन वेगळ्या लिंगगुणसूत्रांचे लिंग, हा हॉल्डेन यांनी १९२२ साली मांडलेला नियम येथे तंतोतंत दिसला. हेच हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नाही.

लायडेनहून

मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि या धाग्याशी अगदी जवळचे नाते असलेली एक गोष्ट येथलीच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत युरोपातील डॉक्टरांना हेच कोडे पडले होते. ॲनॉफिलीस मॅक्युलिपेनिस हा डास युरोपभर होता, पण हिवताप मात्र काही पट्ट्यांतच. 'हिवतापाविना ॲनॉफिलीस' असे त्या कोड्याला नावच पडले होते. कोणी सुधारलेल्या घरांना श्रेय दिले, कोणी वाढलेल्या गुरांना.

१९२६ साली इटलीतील फालेरोनी या आरोग्य निरीक्षकाने डासांच्या अंड्यांकडे लक्ष वेधले. डास सारखे, पण त्यांनी घातलेल्या अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी. काही करड्या, काहींवर आडवे पट्टे, काही ठिपकेदार. एका मादीची सर्व अंडी मात्र एकाच नक्षीची. त्याने सापडलेल्या दोन प्रकारांना आपल्या ओळखीच्या दोघांची, मेसेआ आणि लाब्रांका यांची, नावे दिली. मेसेए आणि लाब्रांकिए ही नावे आजही चालतात. त्याच सुमारास येथे स्वेलेंग्रेबेल आणि व्हान टील यांना आखूड पंखांचे आणि लांब पंखांचे असे दोन प्रकार दिसले होते. आखूड पंखांचा ॲट्रोपार्व्हस खाऱ्या-मचूळ पाण्यात वाढणारा. तो हिवाळ्यात पूर्ण झोपी जात नाही, उबदार घरात आणि गोठ्यात राहून अधूनमधून चावत राहतो. लांब पंखांचा मेसेए गोड्या पाण्यातला, जनावरांवर जगणारा आणि हिवाळाभर निजणारा. डच किनारपट्टीवरचा हिवताप पहिल्याचा होता.

मला या गोष्टीत भावते ते हे की, त्या काळात गुणसूत्रे किंवा डीएनए यांपैकी काहीही हाताशी नसताना केवळ अंडी धीराने पाहून त्या माणसाने दार उघडले. पुढे गुणसूत्रांनी आणि डीएनएने त्याचे म्हणणे खरे ठरवले.

मुळामुठा

पूर्णाकाठ साहेब, अत्यंत आदराने थोडा मतभेद नोंदवतो. गुणसूत्रांच्या काचपट्ट्या हे मोठ्या कौशल्याचे काम होते याबद्दल वाद नाही, पण आज डासाच्या एका पायातून डीएनए काढून ठरावीक जनुकाचा छोटा तुकडा वाचला की प्रजाती कळते. त्यासाठी मादी अर्धवट अंडी धरलेली असावी लागत नाही, मेलेला आणि वाळलेला डासही चालतो, आणि एका दिवसात शेकडो नमुने होतात. मग जुन्या पद्धतीचा एवढा आग्रह कशासाठी धरावा?

पूर्णाकाठ

आपले म्हणणे बव्हंशी मान्य आहे, आणि जुन्या पद्धतीचा आग्रह मी धरत नाही. आमच्या पद्धतीत नर डास आणि उपाशी माद्या निरुपयोगी ठरत, ही तिची मोठीच मर्यादा होती. माझा आक्षेप 'एक छोटा तुकडा' या दोन शब्दांना आहे.

डोंगराळ भागातल्या ओढ्यांत वाढणारा ॲनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिस हेही एकाच नावाखालचे कुटुंब आहे. त्यातील एस प्रजाती माणसाचे रक्त पसंत करते आणि समर्थ वाहक आहे, तर टी आणि यू जनावरांवर जगतात. काही वर्षांपूर्वी एका जनुकाचा छोटा तुकडा जुळला म्हणून काही संशोधकांनी असे मांडले की, आपल्याकडची एस आणि आग्नेय आशियातील ॲनॉफिलीस मिनिमस या दुसऱ्या डासाच्या कुटुंबातली सी ही प्रजाती एकच होय. पुढे दिल्लीतील संशोधकांनी डीएनएचे इतर भाग वाचले तेव्हा दोन्ही स्पष्टपणे वेगळ्या निघाल्या. जो तुकडा सावकाश बदलतो त्यात नुकत्याच वेगळ्या झालेल्या बहिणी सारख्याच दिसणार. बी आणि ई यांचेही तसेच. त्या इतक्या जवळच्या आहेत की, काही चाचण्यांत त्या एकाच गठ्ठ्यात पडतात. तेव्हा किती तुकडे वाचले आणि कोणते वाचले, याला महत्त्व आहे.

मुळामुठा

हे पटले. चाचणी निवडताना ही दोन उदाहरणे लक्षात ठेवीन.

उत्तररात्र

मी जनुकसंचांच्या, म्हणजे एकेका जीवाच्या संपूर्ण डीएनएच्या, तुलनेचे काम करते. हिवतापाचे डास हा माझा थेट विषय नाही, पण आफ्रिकेतील गॅम्बिए कुटुंबाची कथा आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असते आणि ती येथे येणे आवश्यक वाटते. 'पूर्णाकाठ' यांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे नाते आणि धोका यांचा मेळ का बसत नाही, त्याचे एक उत्तर तेथे मिळालेले आहे.

या कुटुंबात आठ-नऊ प्रजाती धरल्या जातात. गॅम्बिए, तिची सख्खी बहीण कोलुझी आणि अरेबिएन्सिस या तिघी हिवतापाच्या मुख्य वाहक आहेत. मेरस पूर्व किनाऱ्यावरच्या आणि मेलस पश्चिम किनाऱ्यावरच्या मचूळ पाण्यात वाढतात. क्वाड्रिॲन्युलेटस बहुतांशी गुरांवर जगते आणि तिचा हिवतापाशी संबंध नाही. बवाम्बे तर युगांडातील एका जंगलातील गरम झऱ्यांपाशीच सापडते. कोलुझी हे नाव २०१३ साली दिले गेले, इटलीतील मारिओ कोलुझी यांच्या सन्मानार्थ. 'पूर्णाकाठ' यांनी वर्णन केलेल्या पट्ट्यांच्या फिती वाचण्यात या माणसाने आयुष्य घालवले. त्याआधी गॅम्बिए आणि कोलुझी यांना एकाच प्रजातीची दोन रूपे समजत. २००२ साली हिवतापाच्या डासाचा पहिला जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यासाठी वापरलेल्या प्रयोगशाळेतील वाणात या दोन्हींचे मिश्रण होते आणि त्यामुळे तुकडे जुळवताना बऱ्याच अडचणी आल्या, हे नंतर उलगडले.

साहजिक समजूत अशी होती की, तीन मुख्य वाहक एकमेकींच्या सर्वांत जवळच्या असाव्यात आणि माणसाला चावण्याचा स्वभाव त्यांना एका समाईक आजीकडून मिळाला असावा. २०१५ साली या कुटुंबातील सहा प्रजातींचे पूर्ण जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले गेले. गंमत अशी झाली की, जनुकसंचाचा बराचसा भाग पाहिला तर अरेबिएन्सिस ही गॅम्बिए आणि कोलुझी यांच्या जवळ दिसे, पण एक्स गुणसूत्र पाहिले की अरेबिएन्सिसची सर्वांत जवळची नातलग ठरे ती गुरांवर जगणारी क्वाड्रिॲन्युलेटस. दोन वंशवृक्ष, आणि दोन्ही एकाच डासाच्या शरीरात.

संशोधकांनी बारकाईने हिशेब मांडून दाखवले की, खरा वंशवृक्ष एक्स गुणसूत्रावरचा आहे. मुख्य वाहकांचे वंश एकमेकांपासून फार आधीच फुटलेले होते. नंतर केव्हातरी अरेबिएन्सिसचा वंश आणि गॅम्बिए-कोलुझी यांचा वंश यांच्यात संकर होत राहिले. संकरातले नर वांझ असले तरी माद्या सुफल होत्या, आणि त्यांच्यामार्फत उरलेल्या गुणसूत्रांवरची जनुके मोठ्या प्रमाणात इकडून तिकडे गेली. एक्स गुणसूत्रावर संकराला मारक अशी जनुके दाटीने असल्यामुळे ते मात्र बरेचसे अस्पर्श राहिले आणि म्हणून जुने नाते तेथे टिकून आहे. दुसऱ्या गुणसूत्रावरचा एक मोठा उलटा तुकडा कोरड्या हवेत तग धरण्याशी जोडला जातो. तोही या दोन वंशांमध्ये संकरातूनच एकीकडून दुसरीकडे गेला असावा, असे त्या अभ्यासातून दिसते.

ही देवाणघेवाण आजही थांबलेली नाही. मालीमध्ये कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांचा वापर वाढला त्याच काळात, कीटकनाशकाला दाद न देणारे जनुक गॅम्बिएकडून कोलुझीकडे संकरातून गेले आणि झपाट्याने पसरले, हे संशोधकांनी नोंदवलेले आहे. त्यामुळे जनुकांत बदल केलेले डास सोडण्याच्या योजना आखताना तो बदल एका प्रजातीपुरता राहील, असे गृहीत धरता येत नाही.

सुमेधा_वाई

उत्तररात्र, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपल्या पुस्तकात वंशवृक्ष म्हणजे फांद्या फुटत जाणारे झाड असते आणि फुटलेल्या फांद्या पुन्हा जुळत नाहीत. हे वाचल्यावर मला वडाचे झाड आठवले; पारंब्या खाली येतात, दुसऱ्या फांदीला टेकतात आणि तेथेच जाड होऊन बसतात. वर्गात हीच उपमा वापरीन.

बोरीचा_मळा

मी शेतकरी आहे. एवढे शास्त्र मला कळत नाही, पण आपण सर्वजण गोठ्याचाच उल्लेख करता म्हणून विचारतो. आमचा गोठा घराला लागून आहे. जनावरे जवळ असली की डास त्यांना चावतात आणि माणूस वाचतो, असे आमच्याकडे म्हणतात. यात तथ्य आहे का? शिवाय एक सांगावे, बी जातीचा डास निरुपद्रवी असेल तर फवारणीवर खर्च का करतात?

पूर्णाकाठ

दादा, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

गोठ्याबद्दल सरसकट उत्तर देता येत नाही. डास जनावराला प्राधान्य देणाऱ्या प्रजातीचा असेल, तर जनावरे त्याला माणसापासून दूर ठेवू शकतात; पण त्याच जनावरांमुळे डासांना पोटभर रक्त मिळून त्यांची संख्याही वाढू शकते, आणि गोठा घराच्या भिंतीलाच लागून असेल तर वाढलेल्या संख्येतले काही घरात येतातच. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी की, ए सुद्धा बहुतांशी जनावरांचेच रक्त पिते. माणसाला चावणाऱ्यांचे प्रमाण तिच्यात बी पेक्षा अधिक असते, एवढाच फरक; पण पावसाळ्यानंतर डासांची संख्या प्रचंड वाढते तेव्हा तो फरकही पुरेसा होतो. जमत असेल तर गोठा घरापासून थोडा दूर असावा आणि झोपताना मच्छरदाणी असावी, हे दोन्ही बाबतींत लागू पडते.

फवारणीचा प्रश्न अगदी योग्य विचारलात. जेथे फक्त बी आहे तेथे फवारणीचा खर्च वाचवून तो खऱ्या वाहकाच्या गावांकडे वळवता येतो, आणि त्यासाठीच ही ओळख करावी लागते. आणखी एक बाजू आहे. उत्तर भारतातील अभ्यासांत ए ही बी पेक्षा डीडीटीला अधिक लवकर बळी पडते, असे दिसले होते. दोन्हींना एकच डास समजून फवारणीनंतर मोजणी केली, तर वाचलेल्या बी प्रजातीच्या गर्दीमुळे फवारणी वाया गेली असे वाटेल. प्रत्यक्षात ताप पसरवणारी ए घटलेली असेल. उलटही होऊ शकते. मोजणी प्रजातीवार नसेल तर तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहीत आहे. आमच्याकडे शहरी हिवतापाचा वाहक ॲनॉफिलीस स्टीफेन्सी आहे. १९८० च्या दशकात पणजी परिसरात बांधकामे वाढली तेव्हापासून हिवतापाने जोर धरला. स्लॅबवर साठवलेले पाणी, पाण्याच्या टाक्या, विहिरी या सर्वांत हा डास वाढतो. याच्या अंड्यांच्या दोन्ही कडांना हवेचे तरंगते पडदे असतात आणि त्यांवर कंगोरे असतात. कंगोऱ्यांच्या संख्येवरून याची तीन रूपे मानतात. जास्त कंगोऱ्यांचे रूप शहरी आणि समर्थ वाहक, कमी कंगोऱ्यांचे मायसोरेन्सिस हे रूप ग्रामीण आणि दुबळे, आणि तिसरे मधले. ही तिन्ही रूपे आपसात संकर करतात, म्हणून त्यांना एकाच प्रजातीत ठेवले जाते. म्हणजे क्युलिसिफेसीजच्या अगदी उलट प्रकार झाला. तेथे दिसणे सारखे आणि प्रजाती पाच, येथे अंडी तीन प्रकारची आणि प्रजाती एक.

काळजीची बाब ही की, हा डास आता आपल्या उपखंडापुरता राहिलेला नाही. २०१२ साली तो आफ्रिकेच्या पूर्व टोकावरच्या जिबूतीत सापडला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे रुग्ण अगदी थोडे होते; २०२० साली ती संख्या ७० हजारांवर गेली. पुढे इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना येथेही त्याची नोंद झाली. आफ्रिकेतील मूळचे वाहक प्रामुख्याने ग्रामीण भागात वाढतात, आणि हा मात्र टाकीतल्या पाण्यात, भर शहरात वाढतो. डीएनए जुळवून त्याचा माग दक्षिण आशियाकडे लागतो. श्रीलंकेला सप्टेंबर २०१६ मध्ये हिवतापमुक्त देशाचे प्रमाणपत्र मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मन्नार येथे स्टीफेन्सी सापडला. मन्नार आणि रामेश्वर यांच्या मध्ये केवळ उथळ समुद्र आहे.

पूर्णाकाठ

मन्नारचा उल्लेख आला म्हणून जोडतो. श्रीलंकेत अनेक वर्षे अशी समजूत होती की, तेथील क्युलिसिफेसीज म्हणजे फक्त बी, आणि तरी तीच तेथील मुख्य वाहक. भारतात दुबळी असणारी बी तेथे समर्थ कशी, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. रामेश्वरच्या शोधानंतर तेथेही नरांची वाय गुणसूत्रे तपासली गेली आणि ती खरोखर ई असल्याचे कळले.

परळकर

डासांच्या पंगतीत पिसवेलाही एक पान मांडावे म्हणतो, कारण मुंबईची गोष्ट आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सीमाँ यांनी कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले, पण बऱ्याच जणांनी ते मानले नाही. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतील लिस्टन यांनी प्लेगने उंदीर मेलेल्या घरांत गिनी पिग ठेवले आणि उंदरांवरच्या पिसवा त्यांच्या अंगावर येऊन बसतात व ते मरतात, हे दाखवले. १९०५ साली त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

तरी प्रश्न राहिला की, मुंबई प्लेगने पोळली आणि मद्रास बंदरात तितकेच उंदीर असूनही ते जवळजवळ वाचले, ते कसे. १९१३ च्या सुमारास कोलंबोत हर्स्ट यांनी उंदरांवरच्या पिसवा बारकाईने वेगळ्या केल्या, तेव्हा सर्व पिसवा एका जातीच्या नाहीत असे त्यांच्या लक्षात आले. मुंबईत झेनोप्सिला किओपिस ही जात जास्त होती आणि मद्रासला तिची बहीण ॲस्टिया. किओपिसच्या घशाशी प्लेगचे जंतू वाढून गुठळी होते, रक्त पोटात उतरत नाही, म्हणून ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी जंतू ओकते. ॲस्टिया या कामात फारच कच्ची. म्हणजे एका शहराचे नशीब दोन बहिणींमधल्या फरकावर ठरले.

उत्तररात्र

परळकर, पिसवांबद्दल एक पुस्ती जोडते. डास आणि पिसवा दोघेही रक्त पितात, पण हा स्वभाव त्यांनी एकमेकांकडून किंवा एका रक्तपिपासू पूर्वजाकडून घेतलेला नाही. जनुकीय तुलनेत पिसवांचे जवळचे नातलग विंचूमाश्या निघतात, ज्या रक्त पीत नाहीत. ढेकूण तर आणखी दूरच्या, झाडांचा रस शोषणाऱ्या किड्यांच्या गणातला आहे. रक्त पिण्याची वाट कीटकांना अनेकदा स्वतंत्रपणे सापडलेली आहे.

पूर्णाकाठ

परळकरांनी लिस्टन यांचे नाव घेतले आणि मला फार बरे वाटले. प्लेगच्या कामाच्या आधी हे लिस्टन आमच्या वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होते. तेथील ॲनॉफिलीस डासांच्या सवयींवर त्यांनी वर्षभराचा अनुभव लिहून ठेवला आहे, आणि मांडवीकाठ यांनी ज्याचा जिबूतीपर्यंतचा प्रवास सांगितला त्या स्टीफेन्सीला १९०१ साली नाव दिले ते त्यांनीच. आफ्रिकेतल्या शहरांत आज ज्या डासाची धास्ती आहे, त्याची पहिली ओळख आमच्या गावच्या डासांवरून झाली.

बोरीचा_मळा

आमच्या गावात पुढच्या आठवड्यात कीटक समाहारक, म्हणजे डास पकडणारे आरोग्य कर्मचारी, येणार आहेत, असे आशाताई सांगून गेल्या. आजवर मी त्यांना गोठ्यात येऊ देत नव्हतो, कारण अंधारात बॅटरी पाडली की म्हैस बुजते आणि मग सकाळचे दूध कमी होते. या वेळी येऊ देणार आहे. त्यांच्यासाठी काही तयारी करून ठेवावी का?

पूर्णाकाठ

तयारी फार नाही. ते साधारण सूर्योदयाच्या सुमारास येतील आणि भिंतीवर, कुडाच्या आतल्या बाजूला, टांगलेल्या दोरखंडाच्या मागे बसलेले डास काचेच्या नळीने ओढून घेतील. म्हैस बुजू नये म्हणून आपण स्वतः तिच्याजवळ उभे राहावे; ओळखीचा माणूस जवळ असला की जनावर शांत राहते. आणि आदल्या संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाचा किंवा गोवऱ्यांचा धूर तेवढा करू नये, नाहीतर डास बाहेर निघून जातात आणि त्यांच्या नळीत काहीच येत नाही. रात्री पोटभर रक्त प्यालेली आणि आदल्या दिवशीची, अर्धी पांढरट झालेली मादी, अशा दोन्ही मिळाल्या तर त्यांचे काम झाले.